मायचं कपाट आणि कूलर

लकव्यात मायचा उजवा हात गेला, तोरा मात्र जागच्या जागी राहिला. लुगडं ती स्वतःच काढणार. सुनेनं काढून दिलं की तोंड फिरवते. "मी का पाव्हनी हावो, लुगडं मांगून घ्याले?" तिच्या लोखंडी पेटीचं झाकण एका हातानं उचलेना, म्हणून तिच्या खाटेला लागून, बसल्या बसल्या डाव्या हातानं उघडेल असं बुटकं कपाट करायचं मी ठरवलं.

मी काही सुतार नाही. हिंगणीला आमचा भाजीपाल्याचा मळा. पण रंधा-पटाशी घरात आहे, आणि वादळात पडलेल्या बांधावरच्या कडूनिंबाच्या फळ्या चिरून ठेवल्या होत्या. कडूनिंबाला कीड लागत नाही. मे महिन्यात अंगणात उन्हात बसून ठोकाठोक केली. दाराचे दोन पल्ले, चार बिजागऱ्या. पाल आत शिरू नये म्हणून पल्ले असे घट्ट बसवले की मधून कागद जाईना. शेजारचे काका पाहून "वा रे पठ्ठ्या" म्हणाले. मलाही चढलंच थोडं.

कपाट आत नेलं, मायची लुगडी लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार गच्च. माय ओढते आहे, कपाट हलतं, दार नाही.

"काऊन रे, कुलूप लावलं काय?"

झालं! बिजागऱ्या उतरवल्या, पाल जाईल म्हणून कड केसभरच घासली, परत चढवल्या. संध्याकाळी छान. सकाळी पुन्हा तेच. बिजागरीची खाच खोल केली, तर पल्ला खाली झुकला. खाचेत पुठ्ठा घातला, तर वर घासायला लागला. स्क्रूची भोकं ढिली झाली, त्यांत आगकाड्या कोंबल्या. डोक्याचं दही झालं नुसतं! बायकोवर उगीच ओरडलो, फरशी पुसताना कपाट हलवलंस म्हणून.

"मी हातबी नाई लावला. तुमचंच कपाट तुमचं ऐकत नाई, तं मी काय करू?"

तोवर माय कालच्याच लुगड्यावर. बायकोनं जोर लावून दार उघडलं तरी लुगडं घेईना. मला मायचा राग येत होता, लाकडाचाही, आणि सगळ्यात जास्त माझा. एवढंसं दार, आणि ते जमू नये?

मग एक दिवस दुपारी बाजारातून घरी आलो. बाहेर नुसती आग. मायच्या खोलीतून मात्र रात्रंदिवस चालणाऱ्या कूलरचा आवाजच नाही. लाइट तर होती, बाहेरच्या खोलीतला पंखा फिरत होता. आत पाहतो तर माय खाटेवर घामानं थबथबलेली, तोंड लालबुंद.

"माय! कूलर काऊन बंद केला? मरतं काय उकाड्यानं?"

"सकायपासून बंद हाय," ती म्हणाली. डावा हात लांब करून तिनं दार ओढलं. ते अलगद उघडलं. "हे पाय. तुह्या कपाटाले कूलरची हवा नाई मानवत. बंद ठेवला का उघडते."

मी कपाटाकडे पाहिलं, मग कूलरकडे. उन्हात वाळून पापड झालेलं लाकूड मी आणून ठेवलं होतं कूलरच्या ओल्या हवेत, अगदी झोतात. ते रात्रभरात फुगणार नाही तर काय! मी बिजागऱ्यांना शिव्या देत बसलो, आणि हिला कळलं होतं. कळून बोलली नाही, उकाडा सोसत बसली. मला रडू आलं आणि तिच्यावर संतापही.

कूलर लावला, तिला पाणी पाजलं आणि तिथेच पल्ले उतरवून रंधा मारत सुटलो. बोट जाईल एवढी फट ठेवली. जाऊ दे पाल आत, जाऊ दे झुरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर कूलर चालू राहिल्यावर, मायनं दार ओढलं. उघडलं. लुगडं काढून तिनं मांडीवर घेतलं, आणि पल्ल्यांकडे बघत म्हणाली, "फट लय राह्यली रे."

"राहू दे," मी म्हणालो, आणि कूलर आणखी वाढवला.