कन्या राशीत सूर्य दरवर्षी येतो

मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्गही घ्यायचो. वर्गाला आठ-दहा माणसं असायची. एका उन्हाळ्यात ती साठ झाली. ती कशामुळे झाली, हे सांगायला मला अजून जड जातं.

शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात एका स्त्रीचं दर्शन आहे. ती सूर्य पांघरून उभी आहे, पायांखाली चंद्र, डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट. मोबाइलवर आकाश दाखवणारं एक ॲप मी घेतलं होतं. त्यात तारीख पुढं सरकवता सरकवता सप्टेंबरातल्या एका दिवशी मला ती सापडली. स्त्री म्हणजे कन्या रास. सूर्य तिच्या अंगावर, चंद्र पायाशी, आणि डोक्यावर सिंह राशीचे नऊ तारे अन् तीन ग्रह, मिळून बारा. मी फळ्यावर सगळं काढून दाखवलं आणि खाली ती तारीख लिहिली. प्रभू येशू त्याच दिवशी परत येणार आणि जग संपणार, असं मी तोंडानं म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. वर्गात कुणी हललं नाही. एवढी शांतता मला शाळेत वीस वर्षांत मिळाली नव्हती.

खरं तर सूर्य कन्या राशीत दरवर्षी येतो. हस्ताचा पाऊस पडतो तेव्हा तो तिथंच असतो. चंद्रही त्या दिवसांत एकदा तिच्या पायाशी जातोच. आणि सिंह राशीचे तारे नऊच का धरायचे? तर त्या वर्षी तिथं तीन ग्रह होते आणि नऊ धरले की बारा होतात, म्हणून; ग्रह कमी असते तर तारे जास्त धरले असते. हे सगळं मला माहीत होतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मुखेडहून एसटीनं एक मावशी वर्गाला यायच्या. साठीच्या, विधवा, वाकळा शिवून पोट भरणाऱ्या. जूनमधल्या एका रविवारी वर्ग संपताना त्या उभ्या राहिल्या.

"सर, डॉक्टरनं डोळ्यात काचबिंदू सांगितलाय. म्हणला, महिन्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. मला लई भ्याव वाटून राहिलं. सप्टेंबरात प्रभू येणारच हाय, तर कापाकापी कशाला? तवर थांबू का?"

साठ माणसं माझ्याकडं बघत होती. 'डॉक्टरचं ऐका' एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर फळ्यावरच्या तारखेवर माझाच भरवसा नाही, हे उघड झालं असतं. मी म्हणालो, "मावशी, तुमचा विश्वास मोठा आहे. मी काय सांगणार?"

त्या समाधानानं खाली बसल्या.

त्याच आठवड्यात मी मुलीला घेऊन लातूरला गेलो. दहावीत तिला चांगले मार्क पडले होते, डॉक्टर व्हायचं होतं. तिला दोन वर्षांच्या शिकवणीला घातलं, वसतिगृहात खोली बघितली, गादी, बादली घेतली. फॉर्म भरताना मुलीनं विचारलं, "पप्पा, सप्टेंबरात सगळं संपणार ना? मग दोन वर्षांचं कशाला भरून राहिलात?"

"तू अभ्यासात लक्ष दे," मी म्हणालो.

परत येताना अहमदपूरपर्यंत मी बसच्या खिडकीकडं तोंड करून बसलो.

सप्टेंबरातला तो दिवस आला. मावशी सकाळीच धुवट पांढरं लुगडं नेसून प्रार्थनाघरात येऊन बसल्या. दिवसभर गाणी झाली, प्रार्थना झाल्या. दिवस कलला तेव्हा मी उठून म्हणालो की देवाची वेळ माणसाला कळत नसते. लोकांनी तेही मान्य केलं. घरी जायला निघालेल्या मावशी बाकावर आदळल्या, मग हातानं चाचपत दाराकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना डॉक्टरकडं नेलं. उजवा डोळा गेला होता, आता तो परत येणार नव्हता. डाव्याचं ऑपरेशन केलं तर थोडं दिसणं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात, मावशी?"

मी शेजारीच उभा होतो.

"सवड झाली न्हाई," मावशी म्हणाल्या.



डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाल्यावर मी मुखेडला गेलो. मावशी दारात उन्हाला बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं. कन्या रास, नऊ तारे, आणि लातूरचा फॉर्मही.

"लातूरचं मला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "आपल्या मंडळीच्या पाळकाच्या बायकोनं सांगितलं व्हतं तवाच."

"मग तुम्ही का थांबलात?"

"म्या म्हणले, सरांना देवानं आणखी कायतरी सांगितलं असंल. आपल्याला सगळं थोडंच सांगतेत?"

त्यांनी चहा केला. कपात ओतताना त्या कडेला बोट लावून अंदाज घेत होत्या. मी तो चहा प्यालो.

पुढच्या रविवारी मी वर्गात उभा राहून चूक कबूल केली. फळ्यावर तेच चित्र काढलं आणि ते दरवर्षी कसं जमतं ते दाखवलं. पाच-सहा माणसं रागानं उठून गेली. त्यांचा राग मला हवा होता. मग मागं बसलेल्या एका गृहस्थानं हात वर केला. त्यांच्या मांडीवर वही उघडी होती.

"हाव सर, ही चुकली," ते शांतपणे म्हणाले. "मग खरी तारीख कंची?"

मी फळा पुसला. ते पेन घेऊन वाट बघत राहिले.