बूट हातात घेऊन

लॉरी पॅस्कोला हळू वाजवता येत नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केंब्ला गावात सगळ्यांना माहीत होतं. पोलादाच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं क्रेनवर होता आणि कारखान्यातल्या कोळशाच्या भट्ट्यांवरून नाव घेतलेल्या 'कोक ओव्हन्स' या बँडमध्ये चौतीस वर्षं ड्रमवर. दोन्हीकडे आधी त्याचा आवाज यायचा आणि मग तो. बोलिंग क्लबात त्यांचा कार्यक्रम असला की बाहेर हिरवळीवर चेंडू घरंगळवत खेळणारी मंडळी डाव लवकर आवरायची. क्लबात तिकिटं विकून मटणाचा ट्रे बक्षीस ठेवायचे; त्याची सोडत काढताना तर बँड थांबवावाच लागायचा. लॉरी वाजवत असला की पुकारलेला नंबर कोणालाच ऐकू यायचा नाही.

मग एका वर्षी ग्लेनच्या घशाचं ऑपरेशन झालं. ग्लेन टोबिन हा त्यांचा गायक, गिटारही त्याचीच. डॉक्टरांनी त्याला गायला परवानगी दिली, ओरडायला नाही. घरी बसून त्याने सहा नवी गाणी केली. सगळी संथ, भांडी विसळताना गुणगुणता येतील अशी.

तालीम नेहमीप्रमाणे व्लादो नाउमोव्स्कीच्या गॅरेजमध्ये झाली. व्लादो बास गिटार वाजवायचा आणि उरलेला सगळा जीव लाल मिरच्यांच्या रोपांना लावायचा. पहिल्या गाण्यात लॉरीने ग्लेनला पुरता बुडवला. दुसऱ्यातही. तिसऱ्यात ग्लेनने गिटार खाली ठेवली.

"तीन आठवड्यांनी क्लबात वाजवायचंय," तो दाराजवळच्या रोपांकडे बघत म्हणाला. "तोवर तुला ब्रशने जमलं तर उत्तम, लॉरी. नाही तर आम्ही दोघंच बसू."

"आणि मी काय करू? सोडतीची तिकिटं विकू?"

"विक, पण हळू आवाजात विक," व्लादो म्हणाला.

तिघंही हसले. लॉरी घरी निघाला, पण स्वतःच्या गल्लीचं वळण चुकवून पार समुद्रापर्यंत गेला आणि मग परत फिरला.

तोपर्यंत त्याच्या लेखी ब्रश म्हणजे कुंपण रंगवायची वस्तू होती. आता त्याने ड्रमवर फिरवायचे बारीक तारांचे ब्रश विकत आणले आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात केकच्या डब्याच्या झाकणावर वर्तमानपत्र पसरून सराव सुरू केला. शेजारच्या खोलीत त्याची बायको नोलीन टीव्ही बघत असायची. तिने टीव्हीचा आवाज वाढवला की लॉरी नापास. पहिल्या आठवड्यात तो रोज नापास झाला. दुसऱ्या आठवड्यात एकदा वर्तमानपत्र फाटलं, तेही नेमकं घोड्यांच्या शर्यतींचं पान. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी नोलीन दारात येऊन उभी राहिली.

"आज सुट्टी का रे?"

"अर्धा तास झाला वाजवतोय."

"मग झालं की," ती म्हणाली आणि आपली मालिका बघायला परत गेली.

रविवारी दुपारी लॉरीने पिशवीत ब्रश घातले आणि असाव्यात म्हणून जुन्या जाड काठ्याही घातल्या. क्लब भरला होता. लोकांनी पहिली तीन गाणी शांतपणे ऐकली, पण दवाखान्यात आपला नंबर लागायची वाट बघावी तशी. चौथ्याच्या आधी स्नो उठला. स्नो कारखान्यातला जुना फिटर, त्यांचा एकही कार्यक्रम न चुकवणारा.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" त्याने विचारलं. "आता 'तिसरी पाळी' लावा."

'तिसरी पाळी' हे त्यांचं सगळ्यात जुनं गाणं. सुरुवातीला लॉरीचे चार दणके, आणि प्रत्येक दणक्याला सगळ्या हॉलने पाय आपटायचे. आताही बघता बघता लोक टेबलं बडवायला लागले. ग्लेनने मानेनेच नकार दिला. त्या गाण्यात शेवटपर्यंत ओरडावं लागे. त्याने लॉरीकडे पाहिलं. लॉरीचा हात पिशवीत गेला होता.

काठ्या हाताला लागल्या. चार दणके दिले की हॉल आपला, हे लॉरीला कळत होतं. पाचव्याला ग्लेनचा घसा गेला, हेही. त्याने काठ्या काढल्या, खुर्चीवर ठेवल्या आणि त्यांच्यावरच बसला. मग ब्रश उचलले आणि ते चार ठोके सावकाश, झाडलोट केल्यासारखे वाजवले.

लोकांचे पाय वर गेले आणि वरच राहिले.

दोन ओळींइतका वेळ गेल्यावर व्लादोची बास गिटार सुरू झाली. मग ग्लेनने बोलल्यासारख्या आवाजात गायला सुरुवात केली. गाणं पाळी संपवून पहाटे घरी येणाऱ्या माणसाचं होतं. बायको जागी होऊ नये म्हणून तो फाटकातच बूट काढतो, हातात घेतो आणि करकरणाऱ्या पायऱ्या चुकवत आत येतो. चौतीस वर्षं लॉरीने हे गाणं भट्टी फोडायला निघाल्यासारखं वाजवलं होतं. त्यातला एक शब्दही त्याला कधी ऐकू आला नव्हता.

"अरे, हे असं गाणं आहे?" वाजवता वाजवताच त्याने विचारलं.

"पहिल्यापासून असंच आहे," दोन ओळींच्या मध्ये ग्लेन म्हणाला.

हॉलमधले पाय एकेक करून खाली आले, अगदी अलगद. मागच्या टेबलावर नोलीन बसली होती. वीस वर्षांत ती पहिल्यांदाच क्लबात आली होती, आणि शेवटचं कडवं तिने ग्लेनबरोबर म्हटलं. तिला सगळे शब्द येत होते. गाणं संपायच्या आत सोडतीचा नंबर पुकारला गेला आणि सगळ्यांना ऐकू आला. ट्रे स्नोला लागला, पण त्याला दोनदा हाक मारावी लागली.

"काय रे, झोपलास?" व्लादोने स्टेजवरून विचारलं.

"पाय उचलला होता," स्नो म्हणाला. "त्याचं पुढे काय करायचं ते कोणी सांगेना."

सामान आवरताना ग्लेन गिटारची पेटी बंद करत लॉरीजवळ आला. पुढच्या रविवारीही हेच ब्रश आण, एवढंच म्हणाला. लॉरीने उठून कंबर चोळली. खुर्चीवरच्या काठ्यांकडे व्लादो बराच वेळ बघत होता.

"आता या तुला कशाला हव्यात?" तो म्हणाला. "माझ्या मिरच्या वाकायला लागल्यात. आधाराला दे की."

लॉरीने थोडा विचार करून त्याला एक दिली. दुसरी पुसून पिशवीत ठेवली.