मनगटावर घड्याळ नको

कंपनीच्या मेजवानीचं निमंत्रण आलं, त्याच्या तळाशी लिहिलं होतं, व्हाइट टाय. आमचे हे दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामाचे मॅनेजर. मोठ्या साहेबांच्या पार्टीला ह्यांना आजवर कुणी कुत्र्यानेही विचारलं नव्हतं. ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे रिन्यूअल होतंय बघ."

ह्यांची साठी झाली होती. कंपनीने करार वाढवला तर व्हिसा राहणार, करामातलं घर राहणार, आणि उशिरा झालेली आमची लेक बारावी इथेच करणार. नाही वाढवला तर गाशा गुंडाळायचा. घरात तिघांच्याही डोक्यात तेच होतं, पण तोंडातून कुणी काढत नव्हतं. एचआरमध्ये विचारलं तेव्हा तिथला माणूस म्हणाला होता, "इन्शाल्ला, पार्टी के बाद बात करते हैं." आम्ही त्यावर जगत होतो.

मला वाटलं, काळा सूट आणि पांढरा टाय, झालं. लेकीने मोबाइलवर शोधलं आणि आमची शिकवणी सुरू झाली. कोट मागे शेपटीचा आणि पुढे आखूड, त्याची बटणं लावायची नाहीत. आतलं पांढरं जाकीट कोटाखालून डोकावता कामा नये. पँटला पट्टा नाही. गळ्याशी पांढरा बो, तोही स्वतः बांधलेला, क्लिपचा चालत नाही.

"अँड नो रिस्टवॉच, बाबा."

"घड्याळाने काय घोडं मारलंय?"

"इट्स रूड. इट लुक्स लाइक यू वॉन्ट टू लीव्ह."

"छे छे," हे घाईघाईने म्हणाले, "आपल्याला कुठे जायचंय!"

भाड्याने आणलेलं जाकीट नेमकं लांब निघालं. मी ते आतून दुमडून टाके घातले. हे रोज ऑफिसातून आले की आरशापुढे उभे राहून बो बांधायचे. तो एका बाजूला लोंबायचा, मग सोडायचा, पुन्हा बांधायचा. मला हसू यायचं आणि त्या माणसाची इतकी दयाही यायची की मी स्वयंपाकघरात निघून जायची. साठाव्या वर्षी माणसाने नोकरीसाठी शेपटी लावायची म्हणजे काय! पण मीही त्या शेपटीला इस्त्री करतच होते.

त्या संध्याकाळी हॉटेलात गेलो तर ह्यांच्या ऑफिसातले झाडून सगळे साध्या सुटावर लांब पांढरे टाय लावून आलेले. नेमाने सजलेले दोघेच, मोठे साहेब आणि आमचे हे. ह्यांची छाती फुगली. घड्याळ घरी ठेवलं होतं. गोदामाच्या उन्हाने रापलेल्या मनगटावर त्याच्या जागी पांढरा पट्टा उरला होता. तो दिसू नये म्हणून हे सारखी बाही खाली ओढत होते. आम्हाला पुढच्या टेबलावर बसवलं. ह्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला.

मग साहेब स्टेजवर गेले आणि त्यांनी ह्यांचं नाव घेतलं. मी टाळ्या वाजवायला लागले. साहेब काय बोलताहेत ते मला हळूहळू कळलं. इतकी वर्षं निष्ठेने सेवा, आता निवांत आयुष्य, कुटुंबाला वेळ, मायदेश. निरोपाचं भाषण होतं ते. आजूबाजूला कुणालाच आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. मी टाळ्या वाजवतच राहिले, कारण हात थांबवले असते तर सगळ्यांना कळलं असतं की आम्हाला माहीत नव्हतं.

साहेबांनी एक डबी उघडली. आत घड्याळ होतं. ह्यांनी ते घ्यायला हात पुढे केला, तर साहेबांनी हसत हसत बाही वर सारली आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर स्वतःच्या हाताने ते बांधलं. हे वाकून "थँक यू, सर" म्हणाले. जाकीट कुठेही डोकावलं नाही. माझे टाके शेवटपर्यंत टिकले.

मला रडूही आलं नाही. जेवायला आम्ही थांबलो नाही. टॅक्सीत हे खिडकीबाहेर बघत होते आणि मला लेकीचं बारावीचं वर्ष दिसत होतं. परीक्षेच्या तोंडावर तिला कुठल्या शाळेत नेऊन बसवणार होतो आम्ही?

तिने दार उघडलं. बापाला वरून खाली न्याहाळलं. बो सरळ होता, बटणं उघडी होती, बूट चमकत होते. मग तिची नजर मनगटावर गेली.

"बाबा! आय टोल्ड यू, नो वॉच!"

"मी नाही गं घातलं," हे म्हणाले. "त्यांनी घातलं."