त्याच्या वाट्याच्या गोळ्या

सासूनं माझा परकर काठीच्या टोकावर उचलून आणला आणि माझ्या वडिलांच्या पुढ्यात टाकला. भर ओसरीवर. अण्णांच्या हातात चहाची कपबशी होती.

"बघा पाहुणे, तुमच्या लेकीचं. असला माल दिला व्हय आमच्या घरात?"

परकरावर पिवळट डाग होते, धुऊनही न गेलेले. दीर होता, चुलत सासरा होता, दूध न्यायला आलेली शेजारीण होती. सगळ्यांनी पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली आणि कपबशी जमिनीवर ठेवली. मी दाराआड उभी होते. मला सासूचा राग आला नाही तेव्हा. माझीच किळस आली. आज आठवलं की त्या किळसेचीच शिसारी येते.

"दुरुस्त करा आन् मग धाडा," सासू म्हणाली. विहिरीवरची मोटार बिघडली की बोलतात तसं.

नवरा तिथंच खाटेवर बसला होता. दात कोरत.

करमाडच्या बाजूचं ते घर. पाटलाचं. शेंद्र्याला कंपन्या आल्या तशी त्यांची थोडी जमीन गेली, पैसा आला, दारात जीप आली. आम्ही सिल्लोडचे. अण्णा जिनिंगवर कापसाच्या काट्यावर कामाला. पोर पाटलाच्या घरात पडली म्हणून आईनं गल्लीत पेढे वाटले होते.

लग्नाआधी मला कसलाच त्रास नव्हता. लग्न होऊन थोडेच दिवस झाले आणि अंगावरून जायला लागलं. खाज. वास. ओटीपोटात कळा. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. सांगणार कुणाला? सासूनं कपड्यांवरून ओळखलं. "अंगात उष्णता हाय हिच्या," म्हणाली. तुरटीच्या पाण्यानं धुवायला लावलं. मग कडुनिंबाच्या पाण्यानं. नुसती आग व्हायची. माझे कपडे वेगळ्या दगडावर, माझी बादली वेगळी, देवघरात पाऊल नाही. दिवे मालवले की नवऱ्याच्या खोलीत मात्र जायचंच. तिथं विटाळ नव्हता.

परकराच्या त्या दिवशी अण्णा मला एसटीनं सिल्लोडला घेऊन आले. आईनं गावातल्या डॉक्टरला दाखवलं. तो भिंतीकडं बघत म्हणाला, "लग्नाच्या आधी कुठं काही झालं होतं का?" आई शेजारीच होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की वाटलं, खरंच कुठं काही केलं होतं की काय मी!

औषधानं बरी झाले. सासरी गेले. पुन्हा तेच. पुन्हा माहेरी पाठवलं, दुरुस्तीला. मग मात्र आई मला औरंगाबादला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथली डॉक्टरीण खेकसून बोलणारी होती. पडद्यामागं तपासलं, हात धुतले आणि विचारलं, "नवरा कुठाय?"

"घरी."

"का? त्यानं का नाही यायचं?"

"त्यांना काय नाय झालं."

ती हसली. बरं हसणं नव्हतं ते. म्हणाली, "हा आजार घाणेरडं राहिल्यानं होत नाही. संबंधातून होतो. एकाकडून दुसऱ्याकडं जातो. पुरुषाला दुखत नाही, काही दिसतही नाही कित्येकदा, तरी त्याच्या अंगात असतो. तू माहेरी बरी होतेस आणि सासरी जाऊन परत घेतेस. असंच चाललं तर गर्भपिशवी निकामी होईल. मूल राहणार नाही."

तुरटीचं सांगितलं तर कपाळावर हात मारला. आतून काहीही लावून धुवायचं नाही, म्हणाली. गोळ्यांच्या दोन पुड्या दिल्या. एक माझी, एक त्याची. दोघांनी एकाच वेळी सुरू करायच्या. औषध पुरं होऊन डॉक्टर सांगेपर्यंत जवळ येऊ द्यायचं नाही. नंतरही त्यानं निरोध वापरायचा. आणि दोघांचं रक्त तपासायचं, कारण याच वाटेनं एड्स येतो.

माझं रक्त तिथंच घेतलं. "आज काही निघालं नाही," रिपोर्ट बघून ती म्हणाली. "थोड्या महिन्यांनी परत तपास. पुढचं मी आत्ता सांगू शकत नाही."

रोग कुठून आला ते मला कळलं. मित्रांना घेऊन नवऱ्याची जीप निघायची, दोन-दोन दिवस यायची नाही. आला की अंगाला दारूचा आणि कसल्याशा स्वस्त अत्तराचा वास. त्याचेच कपडे मी धूत होते. माझ्या वेगळ्या दगडावर नाही, चांगल्या दगडावर.

सासरी गेल्यावर त्याच्या हातात त्याची पुडी दिली. "मला काय धाड भरली?" म्हणाला आणि पुडी आईकडं फेकली. सासूनं दोन्ही पुड्या सोडून बघितल्या.

"सारख्याच हायेत की. रोग तुला, तर औषध बी तूच खा. दोन्ही खाल्ल्यावर लवकर गुण यील."

पाण्याचा तांब्या घेऊन ती रोज समोर उभी राहायची. मी माझ्या गोळ्या गिळायचे. मग त्याच्या. आणि मग न्हाणीत जाऊन उलट्या. तोंडात लोखंडासारखी कडू चव. पाप त्याचं, पथ्य माझं. आणि मी गिळत होते! ह्याचीच सगळ्यात जास्त घाण वाटते मला.

त्याच आठवड्यात त्यानं मला ओढलं. मी निरोधाचं नाव काढलं. थोबाडीत बसली.

"ते रांडांसंगं वापरत्यात. बायकोसंगं नाय."

तिथंही तो वापरत नव्हता, हे माझ्या अंगाला ठाऊक होतं.

थोड्या दिवसांत कळा पुन्हा सुरू झाल्या. एका सकाळी गोळ्या गिळून न्हाणीत ओकून ओकून बसले होते. बाहेर दगडावर त्याची पांढरीशुभ्र पँट वाळत होती. कडक इस्त्री करून बाहेर घालून जायची. ती बघितली आणि माझी स्वतःची किळस गेली ती गेलीच. घाण माझी नव्हती. माझ्या अंगात आणून टाकलेली होती.

पुन्हा माहेर. पुन्हा डॉक्टरीण. तिनं मला झाप झाप झापलं आणि पुन्हा दोन पुड्या दिल्या. माझी मी पुरी केली.

मग एके दिवशी जीप आमच्या दारात आली. सासू आणि नवरा. सगळी गल्ली दारांत आली. सासूनं बसायच्या आधीच विचारलं, "झाली का दुरुस्त?"

आई चहाला लागली. मी म्हटलं, थांब. ताटलीत त्याची पुडी ठेवली, पाण्याचा पेला ठेवला आणि नेऊन त्याच्यापुढं धरली.

"ह्या तुमच्या. आधी ह्या सुरू करा, माझ्यासमोर. रक्त तपासून कागद आणा. मग बघू."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. सासू किंचाळली, "माझ्या लेकाला रोगी म्हणती, भवाने!"

अण्णा उठले. हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, पोर हाय, चुकली." आणि मला म्हणाले, "बाई, पुडी संगं दे. घरी गेल्यावर खातील ते. तू जा."

"अण्णा," मी म्हटलं, "माझा परकर पुढ्यात पडला तवा तुम्ही गप बसलात. आता बी गप बसा."

ते बसले. नवऱ्यानं ताटली हातानं उडवली. गोळ्या अंगणात गेल्या, कोंबड्या धावल्या. एवढा मोठा गडी, गोळीला घाबरला. ती तोंडात टाकली असती तर रोग त्याचा ठरला असता.

"सडू दे हिला इथंच," सासू म्हणाली. जीप गेली. मी गेले नाही. आजतागायत नाही. पुढं तपासलेलं रक्तही साफ निघालं. मूल राहील की नाही, ते डॉक्टरीणही सांगू शकली नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले. तिला चालून दाखवायला लावलं, वेणी सोडायला लावली. मुलाच्या मावशीनं आईला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मोठीसारखा काही रोग नाही ना हिला?" मी ऐकलं. आत जाऊन पोह्यांच्या बशा झाकून ठेवल्या आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर मुलाला विचारलं, "तुमचं रक्त तपासलंय का? लग्नाआधी दोघांचं तपासू. हिचं आम्ही दाखवतो, तुमचं तुम्ही दाखवा."

ते उठून गेले. आई रडली. "तुझ्यापायी हिचं बी जमायचं नाय," म्हणाली.

नाही जमलं तर नाही. दुसरे येतील. त्यांनाही विचारीन, पोह्यांची बशी हातात द्यायच्या आधी. तेही उठले तर उठू देत. माझ्या बहिणीचा परकर मी कुणाच्या काठीवर जाऊ देणार नाही.