साखळीवाला कुठं आहे?

धरण बांधणाऱ्या कंपनीत तो खलाशी होता, म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी ओढायचा. ती सवय अंगात इतकी मुरलेली, की लोणावळ्याच्या बाजारातही तो पावलं मोजत चालायचा. हाक मारली तर आधी आकडा पुरा करायचा, मगच वळायचा.

एकदा तंबूत राक्षसी पालींचा मूकपट आला. एक कंपनी बेटावर जाऊन ती जनावरं पकडते, अशी गोष्ट. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मी त्याला मराठीत सांगत होतो. सगळा तंबू ओरडत होता, हा मात्र पडद्याच्या कोपऱ्यांत काहीतरी शोधत होता. दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन पुन्हा बघून आला.

"मास्तर, जनावर आसंल खरं," तो मला म्हणाला. "पर कंपनी खोटी. सायब थेट बेटावर उतरला. मोजणी न्हाई, चुन्याची खूण न्हाई. लय बगितलं, साखळीवाला कुटंच न्हाई."

"सिनेमात त्याला कशाला दाखवतील?"

"त्याच्याबिगर कंपनी येतच न्हाई." तो म्हणाला. "आमचं गाव धरणात जायच्या आदी साखळीच आलती. फुडचं टोक माज्या हातात व्हतं. पयलं खाचर आमचंच मोजलं."