आबांचे डोके आणि तात्यांचा हात

मंगळवारी सकाळी माझे वडील, आबा, अंगणात पडले. त्यांचा डावा हात आखडला, पाय झाडले गेले, तोंडातून फेस आला. थोड्या वेळाने ते उठून बसले आणि "काय झालं?" असे त्यांनीच आम्हाला विचारले.

त्या दिवसापर्यंत तात्यांनी काहीही सांगितले की आम्ही हसत असू. त्यानंतर तात्या नुसते शिंकले तरी आई हातातले काम ठेवून त्यांच्याकडे बघू लागली.

तात्या म्हणजे आमच्याकडे डोकी करायला येणारे वारीक, म्हणजे न्हावी. राहायचे भाटघरला आणि वस्तरा-कातरीची धोकटी काखेत मारून धरणाच्या काठाकाठाने वाड्यावस्त्या फिरायचे. भोर संस्थानच्या दप्तरात रयतेची जेवढी माहिती असेल, तिच्याहून जास्त तात्यांच्या बोटांत होती, असे माझे ठाम मत आहे. चेहरा लक्षात ठेवणे त्यांना कमीपणाचे वाटे. चेहरा काय, रोज बदलतो, डोके देवाने दिले ते कायम. भोरच्या बाजारात मी त्यांना हाक मारली तर ते माझ्याकडे परक्यासारखे पाहत. मी टोपी काढली की मग, "आरं, मास्तर व्हय!" एकदा मामलेदार कचेरीत त्यांना साक्षीला उभे केले. समोरच्या इसमाला ओळखता का, असे विचारले. तात्या म्हणाले, "सायेब, त्याचं पागोटं उतरवा, मंग सांगतो." पागोटे उतरले. तात्यांनी जवळ जाऊन त्याच्या टाळूवर तळवा ठेवला आणि सांगितले, "ह्यो तो न्हवं. त्याच्या भवऱ्याला दोन फेरं हायेत." चौकशीत तो भलताच, भावाच्या नावावर उभा राहिलेला धाकटा भाऊ निघाला. हा प्रसंग मी तात्यांच्याच तोंडून ऐकला आहे, आणि दर वेळी मामलेदार थोडा अधिक थक्क झालेला असे.

रागावलेल्या माणसाची दाढी ते करत नसत. राग असला की मान ताठ राहते आणि ताठ मानेवर वस्तरा चुकतो, असे त्यांचे शास्त्र. बांधावरून भांडून आलेल्या आमच्या चुलत्याला त्यांनी एकदा विहिरीपर्यंत तीन खेपा मारायला लावल्या. तिसऱ्या खेपेला चुलता हसत परत आला, तेव्हा कुठे वाटीत पाणी पडले. सोमवारी आणि शनिवारी ते वस्तऱ्याला हात लावत नसत. आणि मानेखालच्या कुठल्याही दुखण्यावर मत देत नसत. कोणी पाठ धरली म्हणून सांगू लागला तर हात वर करून म्हणत, "मानेखाली खालसा मुलूख लागतो बाबा. तितं इंग्रजाचा हुकूम, आपला न्हाई."

आबांचे डोके मात्र त्यांच्या राज्यातले खास ठाणे होते. तीस वर्षे ते दर बुधवारी आमच्या ओसरीवर येत. आबा पागोटे उतरवून पाटावर बसत आणि दोघे एकमेकांना टोमणे मारीत. आबा पडण्याच्या किती तरी आधी, एका बुधवारी तात्यांचा हात थांबला.

"आबा, हितं उजवीकडं जरा वर आल्यावानी लागतंय."

"अक्कल वाढली आसंल," आबा म्हणाले.

"अक्कल वाढली आसती तर धरणाच्या टायमाला वरच्या अंगाची जिमीन घेतली आसती तुमी. ती कुठं घेतली?"

सगळे हसले. तात्याही हसले. पुढे दर हंगामाला ते "टेकाड वाढतंय" म्हणून सांगत आणि आम्ही दर हंगामाला हसत असू.

पडल्यावर आबांना भोरच्या दवाखान्यात दाखवले आणि तिथून पुण्याच्या मोठ्या इस्पितळात. तिथल्या शस्त्रवैद्यांनी डोक्याचा फोटो काढला. कवटीचे हाड एका जागी वाढले होते आणि त्याखाली मेंदूला चिकटून गाठ होती. ही गाठ कधीपासून आहे, असे त्यांनी विचारले.

"मंगळवारपास्नं," आई म्हणाली. तिच्या लेखी ते दुखणे मंगळवारी सुरू झाले होते.

"दोन-तीन महिने असेल," मी म्हणालो. मी शिकलेला म्हणून काही तरी आकडा सांगणे मला भाग वाटले.

वैद्यांनी कागद मिटला. "इतक्या झपाट्याने वाढली असेल तर डोके उघडण्यात अर्थ नाही. त्यांना घरी न्या. सावकाश वाढलेली असेल तर काढता येईल. नीट आठवून सांगा."

मला आठवण्यासारखे काही नव्हते. तीस वर्षांचा मी, बापाच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. पागोट्याशिवाय त्यांना नीट पाहिलेही नव्हते. मी दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीने भोरला गेलो आणि भाटघरहून तात्यांना घेऊन निघालो. नसरापूर आल्यावर तात्या म्हणाले, "मास्तर, म्या सांगितलं व्हतं न्हवं?"

"सांगितलं होतं."

"मंग दरडावून का न्हाई सांगितलं म्या?"

कात्रजचा घाट उतरेपर्यंत त्यांनी धोकटी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

वैद्यांपुढे मात्र ते कचेरीतल्यासारखे उभे राहिले. "पाच वर्सं झाली, सायेब. पैल्या साली तांदळाच्या दाण्यायेवढं. वस्तरा नुसता अडखळला. दुसऱ्या भातकापनीला हरभरा. मंग दोन सालं हरभऱ्याची आर्दी सुपारी व्हायाला लागली. औंदा पाऊन सुपारी."

"पाऊण? अख्खी नाही?"

"बोट लावून बगा. आख्खी निगाली तर माझी धोकटी मुठेच्या पान्यात टाका."

वैद्यांनी बोट लावून पाहिले. मग त्यांनी आपला मिटलेला कागद उघडला आणि तात्यांचे तांदूळ, हरभरा, सुपारी सगळे इंग्रजीत लिहून घेतले. पुढच्या सोमवारी शस्त्रक्रिया करायचे ठरले. तोवर घरी नेऊन माणूस ताकदीला आणा, म्हणाले. जगण्याची खात्री ते देत नव्हते. निम्मेनिम्म धरा, एवढेच त्यांनी सांगितले.

त्या आठवड्यात आमच्या घरी लग्नाच्या घरासारखी माणसे जमली. वेल्ह्याहून आत्या आली ती रडतच. "डोकं उगडायचं म्हंजी? दादा काय नारळ हाय का?"

"नारळ आसतो तर आतलं पानी तरी ग्वाड निगालं आसतं," आबा म्हणाले. आत्या आणखी रडली. आईने जात्यावर पीठ काढले ते वीस माणसांचे. आबांनी मला शेतावर नेऊन कुठल्या खाचरात कुठले भात टाकायचे ते दाखवले. मी मान डोलावली. त्यांनाही ठाऊक होते की मला त्यातले काही कळत नाही.

शस्त्रक्रियेआधी इस्पितळात डोक्याचे सगळे केस काढतात, हे कळल्यावर खरा पेच पडला. तिथला कोण कुठला माणूस आबांच्या डोक्याला हात लावणार, हे तात्यांना मान्य नव्हते. सोमवार तर वर्ज्यच. म्हणून सर्वानुमते बुधवारीच, चांगला वेळ बघून, तात्यांनी घरी डोके केले. शेंडीसुद्धा उतरवली. शेंडी पडताना आत्याने पदर तोंडाला लावला. सगळे पार पडल्याच्या समाधानात आम्ही इस्पितळात गेलो. केस पाच दिवसांत पुन्हा उगवतात, ही गोष्ट इतक्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती, आणि त्यात तात्याही होते.

सोमवारी सकाळी नर्सबाईंनी आबांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे खुंट चालणार नाहीत. आमचा माणूस येईल आता."

तात्या खोलीच्या दारात उभे होते. ते आत आले आणि धोकटी सोडू लागले.

मी हळूच म्हणालो, "तात्या, आज सोमवार आहे."

"वस्तऱ्याला सांगू नका," ते म्हणाले.

नर्सबाईंनी त्यांना वस्तरा उकळून घ्यायला लावले, कोपरापर्यंत हात दोनदा धुवायला लावले. तात्यांनी निमूटपणे सारे केले. आबा पाटाऐवजी लोखंडी खाटेवर बसले.

"आज लई येळ लावताय," आबा म्हणाले.

"तुमची मान हलतीया."

"माझी मान ठीक हाय."

"मंग गप बसा."

एकही ओरखडा आला नाही. नर्सबाईंनी उजेडात धरून डोके पाहिले आणि आपल्या माणसाला परत पाठवले.

आबांना सकाळी आत नेले ते दुपार टळून गेली तरी बाहेर आणले नाही. आई भिंतीला टेकून बसली होती. मी एक पुस्तक उघडून धरले होते. तात्या जिन्यावरून उतरणाऱ्या प्रत्येकाचे डोके पाहत होते. शेवटी वैद्य बाहेर आले आणि गाठ सगळी निघाली, माणूस श्वास घेतो आहे, असे म्हणाले. तात्यांनी एकच विचारले, "शिवन सरळ हाय का वाकडी?"

"सरळ आहे," वैद्य हसले.

"मंग हरकत न्हाई."

आबा वाचले. डावा हात थोडा अधू राहिला. बिघडलेले हाड गाठीबरोबर काढून टाकावे लागले होते, त्यामुळे उजव्या बाजूला एक जागा नुसत्या कातडीची राहिली. तात्या पुन्हा दर बुधवारी येऊ लागले. टोमणेही सुरू झाले. फक्त वस्तरा त्या जागेच्या आसपास आला की ते जाहीर करीत, "आता कुनी बोलायचं न्हाई." मग आई भांडी वाजवायची थांबे, शेजारच्यांना हाक मारायची बंदी होई आणि आबा श्वाससुद्धा जपून घेत. जागा ओलांडली की तात्या म्हणत, "हां, बोला."

यंदा मार्गशीर्षात ते खोकतच आमच्याकडे आले. डोके अर्धे झाल्यावर त्यांनी मला बोलावले. "मास्तर, बोट द्या. ह्ये पुस्तकात न्हाई." त्यांनी माझे बोट धरून आबांच्या डोक्यावर ठेवले. खाली काही तरी उडत होते, तान्ह्या मुलाच्या टाळूसारखे. "हितं वस्तरा न्हाई लावायचा. कातर. आन् हात असा, वजन न देता." मी म्हणालो, "तुम्ही आहात की." ते म्हणाले, "हाय ना. पर शिकून ठेवा."

माघात तात्या गेले.

आबा दुसऱ्या कोणाला डोक्याला हात लावू देत नाहीत. दर बुधवारी मी शाळेतून आल्यावर ते पागोटे उतरवून पाटावर बसतात आणि मी वाटीत पाणी घेतो. आम्ही फारसे बोलत नाही. तेवढी जागा मी कातरीने करतो.