अनुराधपुरात बाबांची वंदना

श्रीलंकेच्या सहलीत बाबांचा आवाज सगळ्या बसला पहिल्याच दिवशी ओळखीचा झाला. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. आधी धारणी, मग अंजनगाव, शेवटी अमरावती. खांबावर चढलेल्या माणसाला खालून काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं. नोकरी संपली, पण समोरचा माणूस खांबावरून उतरला आहे हे बाबांना अजून पटलेलं नाही. हॉटेलात नाश्त्याच्या वेळी ते दूरच्या टेबलावर बसलेल्या आईला विचारत, "अवं, इथं सकायीच भात हाय! आनू का?" लोक वळून पाहत. मी माझ्या बशीत पाहत बसे.

बसमध्ये ओळखी झाल्या तेव्हा प्रत्येकाने नाव, गाव आणि काय करतो ते सांगितलं. बाबांनी माइक घेतला, जो त्यांना लागतच नाही, आणि सुरुवातीलाच खणखणीत जयभीम घातला. मग म्हणाले, "आमी बौद्ध. हा देश म्हणजे आमच्यासाठी मामाचं गाव. कोनाले काही इचारायचं असंन तर मले इचारा." दोन-चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे खिडकीबाहेर पाहायला लागले. मीही पाहायला लागले. बाहेर नुसतेच नारळ होते.

मी कॉन्व्हेंटात शिकले. आता अकोल्याला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, शनिवारी अमरावतीला घरी येते. घरातली वऱ्हाडी, शाळेतलं इंग्रजी आणि या दोन्हींच्या मधलं एक स्वच्छ, कुणाचंच नसलेलं मराठी, असं तीन ठिकाणी माझं बोलणं विभागलेलं आहे. बसमध्ये मी आईशी ते तिसरं बोलत होते. आई मूळची अकोल्याची, फार बोलत नाही, पण तिच्यापासून काही सुटत नाही. "इथं आल्यापासून तू पाहुन्यासारखी बोलून राहिली," ती म्हणाली. मी तिला पाण्याची बाटली दिली.

आमच्या मागच्या सीटवर पुण्याच्या एक काकू होत्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बाई चांगल्या होत्या. आईला त्यांनी गाडी लागू नये म्हणून आवळा दिला होता. त्यांना अशोकवन पाहायचं होतं, हत्ती पाहायचे होते, चहा घ्यायचा होता. बाबांना यातलं काहीच नको होतं. ते आले होते फक्त अनुराधपुरासाठी. आमच्या कॉलनीतल्या विहारात रविवारची वंदना बाबा घेतात. ते सांगतात आणि सगळे त्यांच्यामागून म्हणतात. निघण्याआधी विहारातल्या लोकांनी त्यांना हार घातला आणि सांगितलं, की तिथल्या बोधिवृक्षापुढे आमच्या सगळ्यांच्या वतीनं वंदना म्हणा आणि व्हिडिओ आणा, पडद्यावर लावू. पांढरा सदरा-पायजमा त्यासाठी नवा शिवला होता. आईने तो बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता, घडी मोडू नये म्हणून.

अनुराधपुराच्या आदल्या दिवशी डोंगरातली लेणी होती. आमचा गाईड श्रीलंकेचाच, हिंदी बऱ्यापैकी बोलणारा. पायथ्याशी त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि आत कसं वागायचं ते सांगायला लागला. चपला बाहेर, टोप्या काढा, खांदे झाका. बाबा हसून म्हणाले, "हमको मत बताओ भाऊ. हम बुद्धिस्ट है. ये सब हमारा ही है." लोक हसले, गाईडही हसला. बाबा आईला घेऊन पायऱ्या चढायला लागले. त्यांच्यामागे मला जावंच लागलं, कारण आईचे गुडघे दुखतात. गाईडचं पुढचं बोलणं आमच्यापैकी कुणीच ऐकलं नाही.

आत अंधार होता आणि गारवा. खडकातच कोरलेला, आडवा पहुडलेला बुद्ध. मी इतकी मोठी आणि इतकी शांत गोष्ट कधी पाहिली नव्हती. बाबा मूर्तीच्या डोक्यापासून पायांपर्यंत चालत गेले आणि परत आले. मग त्यांनी आईचा हात धरला, मूर्तीपुढे नेऊन उभं केलं, स्वतः शेजारी उभे राहिले, दोघांनी हात जोडले आणि माझ्याकडे तोंड करून बाबा म्हणाले, "काढ वं. पूर्न मूर्ती आली पाह्यजे."

आमच्याकडे फोटो म्हणजे असाच. बैठकीच्या खोलीत जितके फोटो आहेत, त्या सगळ्यांत मागे बुद्ध आहे. आई-बाबांचं लग्न, नव्या घरात राहायला गेलो तो दिवस, दहावीनंतर माझा सत्कार. पाहुणा आला, कुणाला नोकरी लागली, बाळाचं नाव ठेवलं, की विहारात मूर्तीपुढे ओळीने उभं राहायचं आणि कॅमेऱ्याकडे पाहायचं. आपल्या मागे कोण आहे हे जगाला दिसावं, एवढाच त्याचा अर्थ.

मी फोटो काढला. आईने पदर नीट केला, म्हणून दुसरा काढला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

पहारेकरी धावतच आला. "नो बॅक! नो बॅक टू बुद्धा!" तो बाबांना हाताने बाजूला व्हायला सांगत होता. बाबांना वाटलं, मूर्तीच्या फार जवळ गेलो. ते एक पाऊल पुढे सरकले आणि पुन्हा तसेच, पाठ करूनच, उभे राहिले. पहारेकऱ्याचा आवाज चढला. लेण्यातले सगळे लोक थांबले. पांढऱ्या कपड्यांतल्या काही बाया, हातात कमळं घेतलेल्या, आमच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. आपल्या घरात कुणी चिखलाच्या पायांनी आलं की आपण जसं पाहतो, तसं त्या पाहत होत्या.

"काय म्हन्ते तो?" बाबांनी मला विचारलं.

"फोटो काढायचा नाही म्हणतात," मी म्हटलं.

पहारेकऱ्याने माझा फोन मागितला नाही, पण त्याच्यासमोर फोटो पुसायला लावले. मग त्याने जरा नरमाईने विचारलं, आम्ही कोणत्या धर्माचे. बहुतेक परदेशी लोकांना तो हे विचारत असावा आणि मग समजावून सांगत असावा. मी म्हटलं, "बुद्धिस्ट."

"बुद्धिस्ट?" तो म्हणाला. आमच्या तिघांकडे त्याने आळीपाळीने पाहिलं.

हा शब्द समजायला बाबांना दुभाषी लागत नव्हता. आणि त्यामागचं प्रश्नचिन्ह समजायलाही नाही.

एव्हाना बाकीचे लोक वर आले होते. काकू बाबांजवळ आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अहो भाऊ, देवाकडे पाठ करून फोटो काढायचा नसतो इथे. गाईडने खाली सांगितलं ना. असू दे, होतं असं."

बुद्धाला कुणी देव म्हटलं की बाबा तिथल्या तिथे दुरुस्त करतात. लग्नात, बसस्टँडवर, एकदा तर माझ्या शाळेच्या प्रिन्सिपॉलनासुद्धा केलं होतं. या सहलीत काकूंनाच दोनदा केलं होतं. मी वाट पाहिली. पहिल्यांदाच मला वाटलं, की त्यांनी बोलावं. बाबा नुसते "हो मॅडम" म्हणाले आणि चपला शोधायला बाहेर गेले.

बसमध्ये ते खिडकीशी बसून फोनवर जुने फोटो पाहत होते. एक सरकवत, दुसरा सरकवत. आई हळूच म्हणाली, "मंग आपन इतके दिवस त्याले पाठच दाखवून राहिलो का जी?"

"त्यांची पद्धत आहे आई," मी म्हटलं. "आपली वेगळी आहे. चूक असं काही नसतं."

"तू गप राय," बाबा म्हणाले. तेही हळूच.

दुसऱ्या दिवशी अनुराधपूर. बाबा खोलीतून बाहेर आले ते सहलवाल्यांनी दिलेल्या निळ्या टी-शर्टमध्ये. आई दारातच थांबली. "अवो, पांढरा सदरा?"

"बॅगीत हाय."

"घाला न मंग. आजच्यासाठीच तं शिवला."

"राहू दे ना बाप्पा. सगळे असेच हायेत."

बोधिवृक्षाभोवती सोनेरी कठडा आहे आणि खाली वाळू. शेकडो माणसं पांढऱ्या कपड्यांत वाळूवर बसून पुटपुटत होती. पाली शब्द आमच्याच वंदनेचे, चाल निराळी. मला ते ओळखू आले. आईने माझा दंड धरला. तिलाही आले होते. बाबा मात्र सगळ्यात मागे, निळ्या टी-शर्टांच्या घोळक्यात उभे होते, हात पाठीमागे बांधून, जत्रेत कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे.

गाईडला आदल्या दिवसाचं वाईट वाटलं असावं. तो बाबांना म्हणाला, "अंकल, आप प्रेयर करनेवाले थे ना? आइए, इधर बैठिए." काकू म्हणाल्या, "म्हणा ना भाऊ, आम्हालाही ऐकायचीय." लोकांनी जागा करून दिली. कुणी थट्टा केली नाही. केली असती तर कदाचित बाबा चिडले असते आणि चिडून म्हणाले असते.

ते माझ्याजवळ आले. "इचार त्याले," ते म्हणाले, "बसून म्हनायचं का उभं राहून. अन् हात कसे ठेवायचे."

लहानपणी मला मांडीवर घेऊन ज्यांनी हात कसे जोडायचे ते शिकवलं, त्यांच्यासाठी मी हा प्रश्न गाईडला विचारला. गाईड गोंधळला. "जैसे घर में करते हैं, वैसे ही," तो म्हणाला.

बाबा वाळूत बसले. आई शेजारी बसली. मी फोन धरला. बाबांनी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पाहिलं, बाकीचे कसे बसले आहेत ते पाहून पाय दुमडले आणि म्हणायला सुरुवात केली. मी हातभर अंतरावर होते आणि मला ऐकू येत नव्हतं. ओठ हलत होते. या सहलीत दिवसातून दहादा मी मनात म्हटलं होतं, बाबा, हळू बोला. ते आता तसंच बोलत होते.

अमरावतीला परतल्यावरच्या रविवारी विहार भरला होता. पडदा लावला होता, पोरं पुढे बसली होती. व्हिडिओ सुरू झाला. सोनेरी कठडा, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, निळ्या टी-शर्टमधले बाबा. कावळे ऐकू येत होते. फोन छातीशी धरला होता, म्हणून माझा श्वासही ऐकू येत होता. बाबा ऐकू येत नव्हते.

"दादा, आवाज काहून नाई येऊन राहिला?" मागून कुणी तरी विचारलं. एकाने स्पीकरचा आवाज वाढवला. कावळे मोठे झाले.

"तिथं वारा होता लय," बाबा म्हणाले.

पडद्यावर पिंपळाची पानं दिसत होती, एकही हलत नव्हतं. व्हिडिओ मी काढलेला, म्हणून सगळे माझ्याकडे वळले. बाबा तेवढे वळले नाहीत. ते पडद्याकडेच पाहत होते, मान ताठ करून, मी काय म्हणते त्याची वाट पाहत.

"हो," मी म्हटलं. "खूप वारा होता."